मीटिंगमधला काळा चौकोन

शुक्रवार, संध्याकाळ

आमच्या बचत गटाच्या मोबाईलवरच्या मीटिंगमध्ये दर वेळी चेहऱ्यांच्या मधात एक कॅमेरा बंद असलेला काळा चौकोन असायचा. मले वाटलं, कोणाचं तरी नेट कमजोर असल. ती बचत गटांचा अभ्यास करणारी संशोधनवाली बाई निघाली, गुपचूप ऐकून राह्यली होती. एका मीटिंगमध्ये आमच्या गटातली मंदा नवऱ्याच्या माराचं बोलली, ते तिनं अहेरीच्या कार्यक्रमात गावाच्या नावासकट वाचलं. मंदाचा नवरा तिथंच खुर्च्या लावत होता. त्यानं मंदाले घराबाहेर काढलं.

आज मी त्या बाईले फोन केला, तं म्हणते, "ताई, मंदाचं नाव नव्हतं घेतलं."

"आमाले विचारलं काऊन नाई?"

"विचारलं असतं तर तुम्ही मोकळं बोलला नसता."

बरं. पुढच्या मीटिंगले तिले गोड बोलून बोलावलं. मंदाले त्याचा काय फायदा? काई नाई. पण आम्ही साऱ्या काळे चौकोन होऊन बसू. तिचाच चेहरा उघडा राहील, अन् मी विचारीन, "बाई, तुमचा नवरा मारते का? मोकळं बोला."