छप्पन्न परदेशी पोस्टकार्डं आणि भागूतात्यांवरची तक्रार

घडलं ते असं:

१. जून २०२० ते एप्रिल २०२१ या काळात मला परदेशांतून ९७ पोस्टकार्डं आली. अनोळखी लोकांना कार्ड पाठवायचं, दुसऱ्या अनोळखी माणसाचं आपल्याला येतं, अशी ती देवघेव होती.
२. सगळी कार्डं माझे चुलते आणि गावचे पोस्टमन भागू गेणू भोर यांनी घरी आणून दिली.
३. ६ मे २०२१ रोजी माझे वडील अमृत भोर कोरोनाने वारले.
४. मयताचं अंथरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. आईने सांगितल्यावरून चुलत्यांनी ते त्याच दिवशी गुंडाळून नेऊन ओढ्याकाठी जाळलं.
५. त्या अंथरुणात, गादी आणि गोधडी यांच्यामध्ये, ४१ कार्डं होती. वाकलेली कार्डं सपाट व्हावीत म्हणून मीच ठेवली होती. कोणाला सांगितलं नव्हतं.
६. २४ मे रोजी मी पोस्ट खात्याकडे तक्रार केली, की पोस्टमनने माझं परदेशी टपाल जाळलं. ते मला आधीच पोहोचलं होतं, हे लिहिलं नाही.
७. चौकशीत विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. चुलते एवढंच म्हणाले, "जाळलं ते मीच." नंतर त्यांनी राजीनामा दिला.

मी, अश्विनी अमृत भोर, वय ३१, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, राहणार अवसरी बुद्रुक, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी आहेत, हृदय कमजोर असल्यामुळे प्रत्यारोपण होणार नाही. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतकं कोणी येतही नाही.

बँकेतली रक्कम आई रत्ना हिला. भाऊ ऋषी याने ती 'सांभाळायला' घेऊ नये.

मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा संच चुलतभाऊ गोकुळला. मोटारीचे स्टार्टर तो अंदाजाने दुरुस्त करतो, ते थांबवावं.

पाण्यात भिजवून सोडवलेल्या तिकिटांची वही गावच्या शाळेला. तिथे ती कपाटात जाईल, याची मला कल्पना आहे.

उरलेली ५६ कार्डं भागूतात्यांना. लॉकडाऊनमध्ये ते काठीच्या टोकाला चिमट्यात कार्ड लावून उंबऱ्याबाहेरून पुढे करायचे. "अश्विनी, फिनलंडचं आलंय गं! तुझं सोयरं लई लांबलांबचं!" आतून वडील म्हणायचे, "वाच की. तिकडं बी बंदच हाय का?" मी वाचून दाखवायची. बंदच असायचं. वडिलांना त्याचं समाधान वाटे.

वडील गेल्यावर कोणाला तरी दोष द्यायचा होता. विषाणूविरुद्ध अर्ज करता येत नव्हता. हे कारण आहे, समर्थन नाही.

तक्रार खोटी होती असं निवेदन मी तयार केलं आहे. दिवाळीत मी ते घेऊन तात्यांकडे गेले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "आता कशाला? लोकं म्हणत्याल, पोरगी मरायला टेकली म्हणून लिहून घेतलं. माझं नाव परत तिथं काढू नगं." काकूंनी चहा दिला. तात्या उठून गोठ्यात गेले ते मी निघेपर्यंत आले नाहीत.

ते बरोबर असतील. निवेदनाने नोकरी परत मिळणार नाही, वयही उलटलं आहे. पण माझ्यानंतर त्या कागदाबद्दल कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला मी नसेन. आज आहे.

ठिकाण: डायलिसिस केंद्र, मंचर. दिनांक: २ डिसेंबर २०२५.

लिहून देणार: अश्विनी अमृत भोर (सही)

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. सुदर्शन हिंगे, डायलिसिस तंत्रज्ञ, मंचर (सही)
२. अक्षदा टेमकर, परिचारिका, मंचर (सही)

प्रत: भागूतात्या यांना, गोकुळच्या हाती.

तात्या, तुमच्या परवानगीशिवाय निवेदन पाठवणार नाही. मंगळवार आणि शुक्रवार हे डायलिसिसचे दिवस सोडून मी पोस्टाच्या कचेरीत हजर राहू शकते. पाठवू की नको, एवढंच २० डिसेंबरपर्यंत कळवा.