उशिरा पडणारा पाय

बाबा,

जिवंत होतास तोवर तुला 'तुम्ही' म्हणत आले. आता 'तू' म्हणणार आहे. तेव्हा तुझ्यासमोर बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची, आता ती भीती नाही. आज कारखान्याला सुट्टी आहे, घरातली माणसं बाजारात गेलीत आणि मी ओट्यापाशी स्टूल ओढून लिहायला बसले आहे. गौरी-गणपती तोंडावर आलेत. यंदा सामना आपल्या वाडीत आहे, तोही आपल्याच घरापुढच्या खळ्यात, दादाने हौसेने मागून घेतलाय. जाखडीत एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले, आणि रात्रभर गाण्यातून एकमेकांची फिरकी, हे मी तुला काय सांगायचं? तू शक्तीवाल्यांचा बुवा. तुरेवाल्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाहीस. तुझी मुलगी यंदा तुरेवाल्यांच्या बाजूने त्या खळ्यात उतरणार आहे, पायात चाळ बांधून, बायकांचा अख्खा संघ घेऊन. हे तुला कळावं म्हणूनच खरं तर लिहायला घेतलं. तुझा चेहरा कसा झाला असता ते बघायला मी काहीही दिलं असतं.

पण तुझा चेहरा मला आठवत नाही. बसून आठवायला गेलं की भिंतीवरचा हार घातलेला फोटो तेवढा येतो, आणि तो काही तू नव्हेस. मला तू पाठमोरा आठवतोस, कमरेपासून खालचा. श्रावणात खळ्यात तालीम चालायची. मधे ढोलकीवाला आणि झांजवाला बसलेले, भोवती वाडीतले बाप्ये रिंगण धरून, आणि तू त्यांच्या पुढे उभा राहून पाय टाकून दाखवतोयस. मी आणि आई पडवीत. आईच्या हातात सूप, माझ्या हातात सूप, तांदूळ पाखडायचा चाललाय, आणि पडवीच्या कठड्याखालून मला फक्त तुझे पाय दिसताहेत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, उजव्या पायात चाळ. तू शेतावर गेलास की तेच खळं मला केवढं तरी मोठं वाटायचं, दोन गाड्या वळतील एवढं. तू माडीखालून खाकरलास की ते आखडायचं, पाऊल ठेवायलाही जागा उरायची नाही. खळं तेवढंच होतं. मी चोरून नाचायचे तेव्हा त्याला शेवट नव्हता.

हो, चोरून नाचायचे. पोरींना तुझ्या तालमीत जागा नव्हती. तू तुझ्या पोरांना तोंडाने समजावून सांगायचास, इथे दाब, इथे गिरकी, इथे खाली बस, आणि ती ढोलकीच्या ठोक्यावर बरोब्बर पाय टाकायची. मला कोणी काही सांगितलं नाही. मी पाहिलं आणि उचललं. तू घरात नसताना खळ्यात, नाहीतर मागच्या दारी, नारळीच्या आळ्याजवळ, तुझ्या उजव्या पायासारखा उजवा पाय टाकायचा, तुझ्या डाव्यासारखा डावा. आई बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची. एवढीच तिची साथ.

आता गौळणीचं बोलू. तू विसरला असशील, मी नाही. मी दहावीत होते. पडवीत पाखडत बसले होते, सूप वर जातंय, तूस उडतंय, सूप खाली येतंय, आणि खाली येताना माझा पाय आपोआप जमिनीवर पडतोय. त्या हलण्यातूनच शब्द आले. मी काही ठरवून रचलं नाही. डोईचा माठ गं हालत नाही, पाय मात्र घरी राहत नाही. मथुरेच्या बाजाराला निघालेली गौळण होती, पण ती मीच होते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तीन कडवी झाली. मोठ्याने म्हणत होते, पाय चालूच होता, आणि तू मागच्या दाराने कधी आलास ते कळलं नाही.

"पाय आवर," एवढंच म्हणालास. आणि चुलीपुढची फुंकणी उचलून माझ्या उजव्या पावलावर घातलीस. लोखंडाची फुंकणी. आई "अवो, पोर हाय ती" म्हणत मधे येईपर्यंत दुसरी बसली. "बाप्यांच्या नाचात बायलीचा पाय? मोडून ठेवीन." मी भिंतीला टेकून पाय पोटाशी धरून बसले. मग तू फुंकणी खाली ठेवलीस, माझ्यापुढे उकिडवा बसलास आणि आवाज बदलून म्हणालास, "काय म्हणत व्हतीस? परत म्हण बगू." मी म्हटलं. तू डोळे मिटून ऐकलंस. "परत." परत म्हटलं. पाऊल टरारून सुजत होतं आणि माझ्या छातीत आनंद मावत नव्हता, कारण जन्मात पहिल्यांदा तू माझं काही ऐकत होतास. मूर्ख होते. ते दुखणं आणि तो आनंद एकाच पायात गेले आणि अजून तिथेच आहेत, त्यांना वेगळं करता आलेलं नाही.

त्या गणपतीत सामना झाला. मी बायकांत बसले होते, पायाला हळदीचा लेप. समोरचे तुरेवाले भारी पडत होते, लोक चुळबूळ करत होते, आणि तू मधे बसून गळा काढलास. डोईचा माठ गं हालत नाही. माझी तीन कडवी, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मला वाटलं, आता सांगेल. आता म्हणेल, माझ्या पोरीने केलंय. चौथं कडवं आलं, ते तुझं होतं, आणि त्यात शेवटी बुवा घालतात तशी तुझ्या नावाची छाप. लोक उठून उभे राहिले. तुला खांद्यावर घेतलं. सकाळी तू घरी आलास तेव्हा फेटा तिरका झाला होता, आणि माझ्या हातात खाज्याचा पुडा दिलास. बाकी काही नाही. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "घरातच रायलाय ना गो, बाहेर खय गेलाय?" मी तो खाजा खाल्ला, बाबा. गूळ जिभेवर विरघळला. आजही जत्रेत खाज्याचं दुकान दिसलं की मी रस्ता बदलते.

लग्न झालं, वाडी सोडून शहराच्या या अंगाला आले. मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात लागले. दिवसभर बसून काजू सोलायचे, हात चालतो आणि पाय मरून जातात. बसून बसून सगळं गेलं. तू गेलास तेव्हा तेराव्याला तुझ्या संघातले बाप्ये माझ्याकडे आले होते. तू गाणी कागदावर उतरवू द्यायचा नाहीस, कागद झाला की चोरी होते म्हणायचास. चोरीचं तुला चांगलंच माहीत होतं. ते म्हणाले, बुवांची ती गौळण कुणालाच पुरी येत नाय, तुला येते का? मी आठवून पाहिलं आणि नाही म्हटलं. खोटं बोलले नाही. खरंच पहिल्या ओळीपुढे काही सुचेना. मनातून बरं वाटलं मात्र. म्हटलं, गेली तर गेली, तुझ्याबरोबर जळू दे.

मग कारखान्यातल्या बायकांनी संघ काढला. आता बायका नाचतात, बाबा, सगळीकडे नाचतात, आणि तुझ्यासारखे बुवा पुढच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात. मला कोणी तरी आग्रहाने उभं केलं, उजव्या पायात चाळ बांधली. मी पाय टाकला. दुसऱ्यांदा टाकला. तिसऱ्याला तोंडातून गौळण बाहेर पडली, पहिली ओळ, दुसरी, अख्खी तिन्ही कडवी, अशी की जणू कालच पाखडून उठले. आणि नुसती गौळण नाही. तुझ्या तपकिरीचा वास आला, शेणाने सारवलेलं खळं पायाखाली लागलं, आणि पावलावर जिथे फुंकणी बसली होती तिथे कळ उठली. इतका राग आला की मी थांबलेच नाही. बायकांना वाटलं, रंगली. डोकं म्हणजे आठवणींची पेटी असं सगळे सांगतात, पण माझ्या पेटीची किल्ली त्या पायात होती आणि मी बारा महिने खुर्चीवर बसून होते.

त्याच दिवशी ठरवलं. तुरेवाल्यांचे ते म्हातारे बुवा, ज्यांच्याशी तू हयातभर भांडलास, त्यांच्यापुढे नारळ ठेवून त्यांना गुरू केलं. दादा महिनाभर बोलला नाही. आणि गौळण मी घेतली, तुझं चौथं कडवं छाटून. तिसरं संपलं की ढोलकी, आणि खाली बसून शेवट. दोन गणपती गायले, लोकांनी मोबाइलवर चित्रण करून सगळीकडे पाठवलं, कोणाची गौळण विचारलं की मी माझी म्हणून सांगते. तुझं नाव कुठेच नाही. तुला सांगते, सूड म्हणून इतकी गोड गोष्ट मी आयुष्यात चाखली नव्हती. रात्री अंग दुखायचं आणि मी हसत झोपायचे.

यंदाच्या तालमीला हे तुरेवाले बुवा स्वतः आले. वय झालंय, काठी टेकत येतात. खुर्चीत बसून आमचं रिंगण बघत होते. मधेच काठी आपटून म्हणाले, "थांबा. ह्या उजव्या पायाला उशीर कशापायी व्हतो?" मी म्हटलं, ती आमची पद्धत आहे, लोकांना आवडते. खरंच आवडते, आमच्या संघाची ओळखच ती, चाळ ठोक्याच्या पाठोपाठ, जराशी मागून वाजते. बुवा हसायला लागले. हसता हसता खोकला आला. "पद्धत कसली गो? हा तुझ्या बापसाचा पाय हाय. आंब्यावरनं पडला नि घोटा वाकडा बसला, तवापासनं त्याचा पाय उशिरा पडायचा. आमी काळोखात वळखायचो, बुवा आला म्हणून. तुला ठावं नाय?"

ठाऊक होतं. तू लंगडतोस हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण चालताना. नाचातही तू लंगडतोयस, आणि मी कठड्याखालून बघत ते लंगडणं नाच म्हणून उचललं, हे कधी डोक्यातच आलं नाही. तुझ्या पोरांना ढोलकी होती, मला फक्त तुझा पाय होता. मी रिंगणाकडे बघितलं. साऱ्या बायका, कोणी कारखान्यातली, कोणी मासे विकणारी, ज्यांनी तुला कधी पाहिलंही नाही, त्या सगळ्या तुझं लंगडणं नाचत होत्या. मी तुझं नाव पुसत फिरत होते आणि तू गावोगाव माझ्या पायाने मिरवत होतास. अंगाची लाही लाही झाली. बुवांसमोर रडले नाही एवढंच.

म्हटलं, काढून टाकते. दुसऱ्या दिवसापासून पाय सरळ. ठोका पडला की पाय पडलाच पाहिजे, मी स्वतःला दम देत होते. पाय पडायला लागला, आणि दुसरं कडवं गेलं. गेलं म्हणजे गेलंच. तोंड उघडं, शब्द नाहीत. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग चिडून एकदा जुना पाय टाकला आणि कडवं सरसरत आलं. त्या उशिराच्या फटीत माझे शब्द बसलेले आहेत, बाबा. पाखडताना सूप खाली येऊन पाय पडायचा तोही तुझ्यासारखाच उशिरा पडत होता, आणि गौळण त्यावरच जुळली होती. जी एक गोष्ट माझी म्हणून तुझ्याशी वैर धरलं, तीसुद्धा तुझ्या मोडक्या घोट्यावर उभी आहे. असा राग कोणावर काढायचा सांग. तू तर मरून मोकळा झालास.

म्हणून आता असं करणार आहे. पाय राहू दे. तुझ्या खळ्यात, तुझ्या शक्तीवाल्यांसमोर, सगळ्या बायका तुझा उशिरा पडणारा पाय टाकतील. तुझ्याबरोबर नाचलेले जे दोन-चार म्हातारे उरलेत ते ओळखतील, माना हलवतील, म्हणतील, बुवाच आला. आणि मग कान देऊन बसतील, आता छाप येईल, आता बुवाचं नाव येईल. तेव्हा माझं नाव येईल. तिथे, जिथे तू त्या रात्री माझं घ्यायला हवं होतंस, तिथेच. फुंकणीच्या बदल्यात मला एवढंच पाहिजे.

अडचण इतकीच होती की माझ्या नावाचं कडवं जुळत नव्हतं. आठवडाभर डोकं खाजवतेय. आज हे लिहितानाही दोनदा प्रयत्न केला, खुर्चीत, स्टुलावर, काही नाही. आत्ता मधे उठले, संध्याकाळचा तांदूळ घ्यायचा होता. घरात पाकिटातला निवडलेला तांदूळ येतो, पाखडायची गरज नसते. तरी फळीवरून सूप काढलं आणि उभ्यानेच पाखडायला लागले. सूप वर, सूप खाली, आणि मग जरा थांबून पाय. कडवं आलं, बाबा. चारही ओळी. शेवटी माझं नाव, नीट बसलेलं, कुठे ओढाताण नाही. चांगलं झालंय, तुझ्या चौथ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

ते इथे लिहिणार नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, चुलीत जाईल किंवा डब्याखाली राहील, हे मला माहीत आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझी हाडंही खाडीला मिळाली. तरी लिहायला हात धजत नाही. तू उचलशील, अशी भीती वाटते.