शाइस्ताचा फोन

सौ. कौसल्या हिला,

आज लई खूश आहे! दुष्काळात गाव सोडून इथं बिल्डिंगीच्या कामावर आलो, तेव्हाच माझ्या रक्तात जुनी 'बी' कावीळ निघाली होती. आजच्या रिपोर्टात तिचा विषाणू दिसलाच नाय!

ज्या शाइस्ताच्या फोनावरून भांडून तू पिशोरला माहेरी गेलीस, ती दवाखान्यातली नर्स आहे गं! साईट बदलली की नवा पत्ता आधी तिला कळवायचो, ती तिथल्या जवळच्या दवाखान्यातून औषधाची सोय लावायची, म्हणून गोळी कधी चुकली नाय. 'बाई ठेवली' म्हणालीस, तरी खरं सांगितलं नाय. आजार कळला तर माझं ताट वेगळं मांडशील, असं वाटलं.

विषाणू दबलाय, पुरता गेला नाय, म्हणून गोळी जन्मभर घ्यायचीय. अन् हा आजार नवऱ्याकडून बायकोला लागतो, म्हणून तुझंही रक्त तपासायचंय, ते कागदावर कसं सांगू? पत्र टाकत नाय. सकाळच्या एसटीनं मीच येतो. शिव्या तोंडावर दे, पण संगं चल.

तुझाच,
रंगनाथ