आरामखुर्चीत दिलेलं रक्त

देवपूर, धुळे
आखाजीनंतरचा सोमवार, १९५६

रा. रा. बन्सीलालभाऊ व्याही यांस जीवरामचा रामराम.

भुसावळचं ऊन आपणां उभयतांस सोसवत असावं. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व क्षेम, फक्त माझी दुपारची झोप गेली आहे. स्वराज्य आल्यापासून मी सरकारविरुद्ध ब्र काढला नव्हता. पण आता सरकारने माझी आरामखुर्ची नेली, तेव्हा लिहिणं भाग आहे.

शाळेच्या ओसरीत सरकारी डॉक्टरांनी गरमी-परमा असल्या गुप्तरोगांची तपासणी मांडली आहे. रक्त फुकट तपासतात, दोष निघाला तर पेनिसिलीनची सुईही फुकट. एरवी फुकट म्हटलं तर आमचे लोक एरंडेलही दोनदा पितील. पण या ओसरीकडे कुणी फिरकेना. नदीवर जाणारेसुद्धा वळसा घालून जातात (न जाणो, कुणी ‘आत गेला’ म्हणायचं). डॉक्टर माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेले. मी ती परत आणायला गेलो, पाय दुखले म्हणून जरा टेकलो, तोच कंपाउंडरने आनंदाने माझ्या दंडाला रबर आवळलं. सुई आत असतानाच झुलाल शिंपी कुंपणावरून डोकावला आणि हळूच म्हणाला, “नाना, तुमले बी शे का?”

दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं. न्हावी माझ्यासाठी वस्तरा उकळतो. भजनात माझ्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा असते. कुंदाची आई बोलत काही नाही, पण वरणात मीठ नसतं. रक्त निर्दोष निघालं, तसं झुलालला सांगितलं. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. मात्र दुसऱ्या दिवशी तोच अंधार पडल्यावर ओसरीत शिरताना मला दिसला. मी दुसरीकडे पाहिलं.

वहिनींना नमस्कार.
आपला, जीवराम

ता. क. कुंदा इथे माहेरी सुखरूप आहे. बायकांच्या दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईचं रक्त बघतात, तसं तिचंही पाहिलं. दोष निघाला. गेल्या साली बाळ पोटातच गेलं ते कशाने, हे आत्ता कळलं. आपल्याकडे तेव्हा तिच्या पायगुणाला बोल लागला होता. तिच्या सुया सुरू आहेत. डॉक्टरीणबाई मला एवढंच म्हणाल्या, “एकट्या तिला टोचून काय होणार? मालकांना आणा. नाहीतर सासरी गेल्यावर पुन्हा तेच.” छगनरावांना आमरसाला म्हणून पाठवावं. लोकांना आमरसच सांगू.

ता. क. २. खुर्ची सरकारने नेली नव्हती. मीच डोक्यावर घेऊन गेलो होतो. पायही दुखत नव्हते. जावयाने त्या खुर्चीत आधी बसावं असं कुठल्या तोंडाने म्हणणार? आता सासरा बदनाम झालेलाच आहे. ओसरीत त्यांनी फक्त ‘सासऱ्यांच्या सोबतीला आलो’ म्हणावं.

ता. क. ३. लग्नात जावईबापू मनगटी घड्याळासाठी रुसले होते आणि मी ‘पुढे बघू’ म्हणालो होतो. ते आणून ठेवलं आहे. डाव्या मनगटावर मी स्वतः बांधीन. उजवा हात डॉक्टरांना द्यावा.