आधी गाडी ‘पी’वर, मग रेवा खाली

बाबा,

मी लॅबला निघाले, तुम्हाला उठवलं नाही. दुपारी तीनला रेवाला डेकेअरमधून तुम्हीच आणायचंय. गाडीची चावी चहाच्या डब्यावर आहे, पण आधी हे पूर्ण वाचा, प्लीज.

घरी आलात की ब्रेक दाबूनच ठेवा. हँडब्रेक लावा, गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर टाका, मग गाडी बंद करायचं बटण दाबा. समोरचा स्क्रीन काळा झाला की मगच पाय काढा आणि त्यानंतरच रेवाला उतरवा.

नागपूरला आपल्या सोसायटीत गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक सोडतात, दुसऱ्याला ढकलून वाट काढता यावी म्हणून. काल तुमच्याकडून सवयीने तसंच झालं. इलेक्ट्रिक गाडी, आवाज नव्हता म्हणून बंद झाली वाटलं असेल, पण गाडी चालूच होती. तुम्ही अंघोळीला गेलात आणि ती ड्राइव्हवेच्या उतारावरून मागे गेली. मी किचनमधून धावत पोचेपर्यंत रेवाची तीनचाकी चाकाखाली होती. रेवा दोनच मिनिटांपूर्वी पाणी प्यायला आत आली होती.

तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. तुमच्या जावयाला, सौमित्रला म्हटलंय, तीनचाकी माझ्याच हातून चिरडली. खरं कळलं तर तो तुम्हाला चावी देणार नाही, आणि रेवा तीन वाजले की आजोबांसाठी डेकेअरच्या दाराशी उभी असते.

घरी आल्यावर ‘पी’चा फोटो पाठवा. तोवर फोन माझ्या हातातच असेल.

अनघा