दोन देशांमधली माझी खाट

सौ. ताईस कावेरीचा आखातातल्या खलिफा सिटीहून वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भावोजींचा खोकला आहेत ना जागच्या जागी? मी बरी आहे, गुडघा सोडून. माझ्या आणि जावेच्या परसामधल्या दगडी गडग्याची मोजणी येणार, फणस कुणाच्या वाट्याला जातो ते ठरणार, असं तू फोनवर म्हणालीस. मला बाई एका झाडापायी भांडायची हौस नाही. जमिनीपायी माणसं कशी खुळी होतात ते मी इथे रोज बघते.

सलूनने कामवाल्यांना राहायला दिलेल्या खोलीत आम्ही तिघी. भिंतीकडे हास्मिक, ती आर्मेनियाची. खिडकीकडे सेविंज, ती अझरबैजानची. मधे माझी खाट (मधे मी झोपावं यावरच काय ते दोघींचं एकमत). त्यांच्याकडे काराबाख म्हणून एक मुलूख आहे, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्मा. एवढी मारामारी ऐकून मला वाटलं सोन्याच्या खाणी असतील. तर नुसते डोंगर, दऱ्या, डाळिंबं आणि तुती! राहणारे बहुतेक आर्मेनियन, पण रशियाचं राज्य होतं तेव्हा मुलूख घातला अझरबैजानात. ते राज्य मोडलं आणि हे एकमेकांच्या उरावर बसले. ब्याण्णव साली सेविंजचा बाप घर सोडून पळाला, वीस साली हास्मिकची आई. तेवीस साली तर उरलेसुरले लाखभर आर्मेनियन गाठोडी घेऊन निघून गेले. या दोघींचं गाव एकच. एक शुशी म्हणते, दुसरी शुशा. दोघींच्या अंगणात तुतीचं झाड (एकच झाड असेल असा मला संशय आहे, पण विचारलं तर रात्री झोप मिळायची नाही). दोघी त्याच्यासाठी रडतात. आणि नकाशावर रेघा मारणारे मेले, ते कधी तिथली तुती चाखायलाही गेले नसतील.

परवा सेविंजने द्राक्षाच्या पानात खिमा-भात गुंडाळून डोलमा केला. हास्मिक लगेच, "दीदी, ये हमारा है, इन लोगों ने चोरी किया!" सेविंजने डाव उगारला. मी म्हटलं, गप बसा, ही आमची अळूवडी आहे, आजीच्या वेळची, खलास! तर दोघी एक होऊन माझ्याच अंगावर आल्या. नंतर बघते तर चोरीच्या मालाचं पातेलं हास्मिक पावाने पुसून खातेय.

म्हणून सांगते, जमीन कुणी वर नेत नाही. शहाण्याने सोडून द्यावं. इथे कामाला असलेली आपल्या गावची प्रमिला सुट्टीवर येतेय, पत्र तिच्या हाती देते.

तुझी,
कावेरी

ता. क. मोजणीला तू स्वतः जा. जाऊ मोजणीवाल्याला चहापोहे देऊन आपल्या बाजूला वळवील. तू आधीच थर्मास घेऊन फणसाखाली बस. एक वीत सोडायची नाही. फोनवर झाडाचा फोटो दाखवला तर हास्मिक आणि सेविंज पहिल्यांदाच एका सुरात म्हणाल्या, दीदी, पेड़ तुम्हारा है.

पुन्हा ता. क. मोजणीच्या आधी जावेकडून तळलेले गरे मागून घे आणि प्रमिलाबरोबर पाठव. नंतर ती द्यायची नाही, आणि तिच्यासारखे कुरकुरीत गरे आपल्यात कुणाला जमत नाहीत. माझं नाव काढू नकोस. (काढलंस तर मूठभर जास्तच घालेल, मला ठाऊक आहे.)