आम्हाला न्यायला ये

सोमवार, संध्याकाळ

पोचलो एकदाचे! बसने हाडं खिळखिळी केली, पण खोली अशी झकास मिळाली की शीण कुठल्या कुठे गेला. दोन गाद्या, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, आणि बाहेर व्हरांड्यात ओळीने वाळत ठेवलेले मातीचे नाग. घरमालकीण मावशी ते बनवून उत्सवात विकतात. बाईंचे हात कोपरापर्यंत मातीत आणि तोंडाचा पट्टा माझ्यासारखाच अखंड चालू. आमचं जमायला वेळ लागला नाही.

टिकली, म्हणजे आमचं चार वर्षांचं कन्यारत्न, बसमधून उतरताना कंडक्टरला ठणकावून म्हणाली, जाते. अख्खी बस हसली. मी दटावलं, जाते म्हणू नये गं, येते म्हणावं, म्हणजे माणूस परत येतं. तर म्हणते कशी, मग मामा जातो म्हणाला होता का? आता काय सांगू, कपाळ!

मंगळवार

दादाला जाऊन वर्ष झालं. या दिवसांत तो दरवर्षी मला माहेरी न्यायला यायचा. आईबाबा गेले तरी त्याने मुराळीपण सोडलं नाही. दारातूनच ओरडायचा, सटवे, आवर लवकर! पुढच्या दातांत ही एवढी फट, त्यामुळे 'स' आला की शीळ वाजायची. सासूबाईसुद्धा पदराआड हसायच्या. आता वहिनी घराला कुलूप घालून तिच्या आईकडे गेली. माझं माहेर संपलं.

म्हणून इथे आले. भाऊ न उरलेल्या बहिणी इथे देवळामागच्या वारुळातल्या नागाला भाऊ मानतात. हे म्हणाले, जाऊन ये, मन हलकं होईल.

मावशींनी मात्र नीट बजावलंय. फुलं वाहायची, सुखी राहा म्हणायचं आणि मागे फिरायचं. मागायचं काही नाही. भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही, आणि इथे तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीने असंच काहीतरी मागितलं आणि तिला पान लागलं. मी बावळट, मला वाटलं विड्याचं पान! मग त्यांनी समजावलं, साप चावला असं इथे म्हणत नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बुधवार

उत्सवाचा दिवस. ही गर्दी! रांगेत बायका हसतही होत्या, रडतही होत्या. माझा नंबर आला. फुलं वाहिली, हात जोडले, सुखी राहा म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते दरवर्षी फोनवर दादाला म्हणायचे तेच. आम्हाला न्यायला ये रे.

टिकली झाल्यापासून 'आम्हाला' म्हणायचीच सवय. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. मग तिथेच धाय मोकलून रडले. बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

मावशींना सांगितलं तर त्यांच्या हातातला नाग खाली पडून फुटला. तुकडे तसेच टाकून त्या आत निघून गेल्या.

गुरुवार

दुपारी जरा डोळा लागला. जागी झाले तर टिकली व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत होती. कोण गं, म्हटलं. म्हणाली, मामा. मामा विचारत होता, सटवी आवरली का.

हा शब्द तिने पूर्वी ऐकला असेल, मान्य. पण 'स' म्हणताना तिने शीळ वाजवली. तिच्या दातांत फट नाही.

व्हरांड्यातल्या ओल्या मातीवर वळणावळणाचा माग आहे. बाहेरून आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेला. परत गेलेला दिसत नाही. गाद्या झटकल्या, मोरी बघितली. कुठे काही नाही.

आधी मला आनंदच झाला. लिहायला लाज वाटते. पण दादा आला म्हणून आनंद झाला. मग आठवलं, मी 'आम्हाला' म्हटलं होतं.

शुक्रवार, सकाळ

टिकलीने पिशवी भरलीय. फ्रॉक, कंगवा, स्वेटर. स्वेटर कशाला या उकाड्यात? मामा म्हणाला, तिकडे खाली गार असतं.

आत्ताच्या आत्ता बसने निघते म्हटलं. मावशी रडायलाच लागल्या. म्हणाल्या, कुठेही जा पोरी, न्यायला आलेला भाऊ रिकाम्या हाताने परतत नाही.

मग वारुळाशी जाते. सांगते, मला एकटीला ने. शब्द फिरत नसेल दुसऱ्या कुणाचा. माझा दादा आहे तो. माझं ऐकेल.

शुक्रवार, दुपार

सांगितलं. हात आत घातला. डाव्या हाताला — पान लागलं.

मावशींनी खोलीत आणून निजवलं, डॉक्टरला आणायला धावल्या. दुखत नाही फारसं. पाय उचलत नाहीत. पापण्या जड —

टिकली बाजूच्या गादीवर झोपलीय. तोंड उघडं टाकून, वेडी. वाचली. दादाने ऐकलं माझं.

अहो, तिची वेणी घालताना केस ओढू नका. ती रडत नाही, पण तिला दुख—

शीळ. व्हरांड्यात.

सटवे, आवर —

आवरलंय रे दादा. मी एकटीच आहे. मी एक—

गादी रिकामी. पिशवी नाही.

टिकले, थांब — आवाज फुटत नाही —

दारात उभी आहे. स्वेटर घातलाय. कुणाचं तरी बोट धरलंय, मला नीट दिसत नाही. हसतेय. हात हलवते. म्हणते, आई, जाते.

जाते नाही गं, राणी. येते म्हण. एकदा येते म्ह